कुणाच्या पंचांगाने चालावी घोडी?

भारतातल्या शर्यतीच्या सगळ्या घोड्यांचे वय एकाच दिवशी वाढते, १ जानेवारीला. शिंगरू जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जन्मलेले असो की मेच्या अखेरीस, पुढचे साल उजाडले की कागदावर दोन्ही एक वर्षाची होतात. दोन वर्षांच्या वयात ती एकाच शर्यतीत उभी राहतात तेव्हा मधल्या पाच महिन्यांचा फरक हाडामांसात दिसतो. म्हणून पैदास करणाऱ्याला शिंगरू वर्षाच्या सुरुवातीलाच हवे असते. थोडे आधी, डिसेंबरअखेरीस जन्मले, तर मात्र चार दिवसांतच त्याचे एक वर्ष भरते आणि सगळा खर्च पाण्यात जातो.

घोडीचा गर्भकाळ सरासरी ३४० दिवसांचा. ३६५ मधून ते वजा केले की उरतात २५ दिवस. तिने दरवर्षी त्याच सुमारास व्यावे असे वाटत असेल तर एवढ्याच अवधीत तिचे गर्भाशय पूर्ववत व्हायला हवे, ती माजावर यायला हवी, घोडा दाखवला जायला हवा आणि गर्भ राहायला हवा. व्यायल्यानंतरचा पहिला माज सातव्या ते दहाव्या दिवशी येतो, पण तेव्हा अनेक घोड्यांचे गर्भाशय अजून सावरलेले नसते. त्यापुढचा माज तीन आठवड्यांनी. म्हणजे पहिला सोडला तर दुसरा मुदतीच्या बाहेर जातो. या गणितातूनच घोडीच्या हार्मोन-उपचारांचे आजचे शास्त्र वाढले.

महाराष्ट्रात या शास्त्राचे घर पुणे. शर्यतीच्या घोड्यांच्या वंशावळीची नोंद ठेवणारे स्टड बुक पुण्यात आहे आणि १९४६ मध्ये सुरू झालेला पूनावाला स्टड फार्मही तिथलाच. शर्यतीच्या थरोब्रेड जातीत कृत्रिम रेतनाला जगभर बंदी आहे, घोडा आणि घोडी प्रत्यक्ष एकत्र यावीच लागतात. मागणी असलेल्या घोड्याचे दिवस मोजके, घोड्या पुष्कळ. त्यामुळे घोडी नेमक्या कोणत्या दिवशी भरवायची हे ठरवावे लागते, आणि तो दिवस हार्मोनने जवळ आणता येतो.

तो कसा, हे समजून घेण्यासारखे आहे. घोडीचे ऋतुचक्र २१ दिवसांचे. त्यात पाच ते सात दिवस माज, उरलेल्या दिवसांत अंडाशयावरचा पीतपिंड प्रोजेस्टेरॉन सोडत राहतो आणि माज दाबून धरतो. प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन दिले की हा पीतपिंड विरघळतो आणि काही दिवसांत घोडी माजावर येते. मात्र बीज सुटल्यापासून पाच दिवस होण्याआधी तेच इंजेक्शन दिले तर बहुधा उपयोग होत नाही, पीतपिंड तेवढा पिकलेलाच नसतो. उलट माज पुढे ढकलायचा असेल तर अल्ट्रेनोजेस्ट नावाचे कृत्रिम प्रोजेस्टेरॉन रोज चंदीवर घालून देतात. बीज सुटण्याची वेळ साधायची असेल तर सोनोग्राफीत फॉलिकल, म्हणजे बीज धरून असलेली पुटी, ३५ मिलिमीटरच्या पुढे गेलेले पाहून एचसीजी नावाचे हार्मोन देतात, आणि साधारण ३६ ते ४८ तासांत बीज सुटते. हे एचसीजी गर्भवती स्त्रियांच्या लघवीतून मिळवलेले असते.

या सगळ्यात एक गोष्ट सहज नजरेआड होते. यांतले प्रत्येक औषध वेळ हलवते. जी घोडी निरोगी आहे, जिच्या अंडाशयात काम चालू आहे, तिचा मंगळवार शुक्रवारवर नेते. ज्या घोडीच्या गर्भाशयात जुना दाह आहे, जिच्या योनिमार्गाची ठेवण ढिली पडून आत शेण-हवा शिरते आहे, जी सर्रा रोगाने रक्तहीन झाली आहे किंवा जिच्या बरगड्या मोजता येतात, तिला यांतले कोणतेही औषध गाभण ठेवत नाही. म्हणून जालन्यासारख्या जिल्ह्यात घोडीला हार्मोन द्यायचे की नाही या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा : वेळ हलवायची ती कुणासाठी, आणि ती हलवण्याची खरोखर गरज आहे का?

जालन्याचा घोड्याशी संबंध जुना आहे. जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढताना इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीचा एक घोडा मारला गेला आणि दुसऱ्याला भाला लागला. पुढे जालन्यात निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी वसली आणि तिच्याबरोबर पागाही आल्या. छावणी गेली, टांगे गेले. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या घोड्या-तट्टांची संख्या ३.४ लाखांवर आली. २०१२ च्या तुलनेत ही घट ४५ टक्क्यांहून अधिक होती. आज जिल्ह्यात घोडी दिसते ती दोन प्रकारच्या माणसांकडे. एक वरातीचा धंदा करणारा, आणि दुसरा मारवाडी किंवा काठियावाडी घोडी हौसेने पाळून मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेत नेणारा. पुण्याच्या स्टड फार्मवरचे १ जानेवारीचे बंधन या दोघांपैकी कुणालाही नाही.

आता दिवसाच्या लांबीकडे पाहू. घोडी दिवस मोठा होऊ लागला की माजावर येणारे जनावर आहे. रात्र लांब असली की मेंदूत मेलाटोनिन जास्त वेळ झरते आणि प्रजननाची साखळी मंदावते. इंग्लंडमध्ये जे. बर्कहार्ट यांनी १९४७ मध्ये दाखवून दिले की हिवाळ्यात तबेल्यात कृत्रिम प्रकाश ठेवला तर घोडी लवकर माजावर येते. तेव्हापासून डिसेंबरच्या सुरुवातीपासून रोज १६ तास उजेड ही उत्तरेकडच्या देशांतली रूढ पद्धत झाली. हार्मोनची अनेक वेळापत्रके याच गृहीतावर उभी आहेत की घोडी हिवाळाभर थंड पडलेली असते आणि तिला जागे करावे लागते.

इंग्लंडमधल्या न्यूमार्केटला डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस पावणेआठ तासांच्या आसपास असतो आणि जूनमधला सर्वांत मोठा पावणेसतरा तासांच्या जवळ जातो. फरक नऊ तासांचा. जालना विषुववृत्ताच्या उत्तरेस २० अंशांच्या किंचित अलीकडे आहे. इथला सर्वांत लहान दिवस जवळपास ११ तासांचा, सर्वांत मोठा सव्वातेराच्या थोडा पुढे. फरक अडीच तासांहूनही कमी. विषुववृत्ताकडे जावे तशी घोडीची हिवाळी विश्रांती उथळ होत जाते आणि पुष्कळ घोड्या जवळजवळ वर्षभर माजावर येत राहतात. म्हणजे जो अडथळा दूर करण्यासाठी न्यूमार्केटला किंवा केंटकीला दिवे आणि औषधे लागतात, तो जालन्यात फार मोठा नाहीच. तिथले वेळापत्रक जसेच्या तसे इथे उचलणे म्हणजे ज्याचा त्रास नाही त्याचे औषध घेणे.

इथला अडथळा वेगळा आहे आणि तो आकाशातून येतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. ज्या गावात झाडाला पाणी नाही तिथे घोडीच्या पुढ्यात काय पडत असेल हे सांगायला नको. अमेरिकेतल्या डॉन हेनेके यांनी १९८३ मध्ये घोडीच्या अंगावरचे मांस-चरबी १ ते ९ अशा श्रेणीत मोजण्याची पद्धत मांडली. तिच्या आधारे झालेल्या अभ्यासांत दिसले की पाचाच्या खाली गेलेली घोडी उशिरा माजावर येते, गाभणही कमी राहते. मान, खांदा, बरगडी, पाठ, शेपटीचे मूळ एवढे हाताने चाचपले की ही श्रेणी कळते. खर्च शून्य. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात व्यायलेल्या घोडीला तीन रात्री एक एक प्रस्थ तूप पाजावे असे सांगितले आहे. त्या काळाचे प्रजननशास्त्र किती बरोबर होते हा वेगळा विषय, पण सुरुवात खुराकापासून करावी हे त्या लेखकाला ठाऊक होते.

जालना हे बियाण्यांचे शहर. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथेच महिको सुरू केली, आणि संकरित बियाणे म्हणजे काय हे इथल्या शेतकऱ्याला देशातल्या बहुतेकांआधी कळले. ओल नसलेल्या जमिनीत कितीही महागाचे बियाणे टाकले तरी ते उगवत नाही हेही त्याला पक्के ठाऊक आहे. हाडे दिसणाऱ्या घोडीला दिलेले हार्मोन हे तसेच बिनओलीचे पेरणे आहे.

याचा अर्थ जालन्यातल्या घोडीमालकाला वेळ जुळवण्याची गरजच नाही असा नाही. वरातीच्या घोडीचा हिशेब मांडून पाहावा. लग्नसराई कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की सुरू होते आणि आषाढी एकादशीला थांबते. चातुर्मासात धंदा बंद. घोडी सर्वसाधारण समजुतीप्रमाणे उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये भरवली तर ती मार्च-एप्रिलमध्ये व्यायेल, आणि तिच्या गाभणपणाचे शेवटचे जड महिने भर लग्नसराईत, डीजेच्या भिंतीपुढे आणि डांबरी रस्त्यावर जातील. तेच जर तिला नोव्हेंबरच्या सुरुवातीला भरवले तर ती ऑक्टोबरमध्ये व्यायेल. शेवटचे जड महिने चातुर्मासाच्या विश्रांतीत पडतील, आणि त्याच काळात बांधावर हिरवा चारा असेल. शिवाय पावसाळा संपताना घोडी अंगाने वर्षातल्या सर्वांत चांगल्या स्थितीत असते, म्हणजे भरवण्याच्या वेळीही तिची तब्येत सोबत करेल. दिवस लहान होत चाललेले असतात हे खरे, पण ११ तासांच्या दिवसात इथली घोडी पूर्ण थंड पडेलच असे नाही.

हा हिशेब पोट भरणाऱ्या माणसाचा आहे आणि त्यात घोडीचाही फायदा आहे. अशा वेळी सोनोग्राफी करून, पीतपिंड पाहून दिलेले प्रोस्टाग्लँडिनचे एक इंजेक्शन, आणि घोडा दुसऱ्या तालुक्यातून आणायचा असेल तर वेळ साधण्यासाठी एचसीजीचा एक डोस, हा हार्मोनचा रास्त वापर ठरतो. मालकाचे पंचांग आणि जनावराचे शरीर इथे एकमेकांच्या आड येत नाहीत. हौशी पैदासकाराची गोष्ट थोडी अवघड आहे. मार्गशीर्षातल्या बाजारात शिंगरू कोणत्या उंचीचे दिसावे यासाठी घोडीला दर वर्षी पंचवीस दिवसांच्या चिमट्यात धरायचे कारण त्याच्याकडे नाही. एक वर्ष तिला मोकळे सोडले तर त्याचे काय जाते?

खरी भीती आहे ती या औषधांच्या सैल हातांची. मराठवाड्यातल्या पशुवैद्यकाचा रोजचा सराव गाय-म्हशीचा. गायीसाठी ठरावीक दिवशी ठरावीक इंजेक्शन देऊन, माज न पाहताच रेतन करण्याची वेळापत्रके आहेत आणि ती चालतात. घोडीत ती चालत नाहीत. तिचा माज कधी चार दिवसांत आटपतो, कधी दहा दिवस लांबतो, आणि फॉलिकल वाढण्याचा वेग प्रत्येक घोडीत निराळा असतो. तिच्या बाबतीत कॅलेंडर पाहून भागत नाही, अंडाशय पाहावे लागते. ते पाहण्याचे यंत्र हाताशी नसेल तर इंजेक्शन अंदाजाने पडते.

आणि अंदाज चुकला तर? घोडी गाभण आहे हे माहीत नसताना प्रोस्टाग्लँडिन दिले की गर्भ जाण्याचा धोका असतो. साधारण ३५ ते ४० दिवसांच्या सुमारास घोडीच्या गर्भाशयात एंडोमेट्रियल कप नावाच्या वाट्या तयार होतात आणि जवळजवळ चौथ्या महिन्यापर्यंत काम करत राहतात. या वाट्या बनल्यानंतर गर्भ गेला तरी त्या मागे राहतात, आणि त्या असेपर्यंत घोडी नीट माजावर येत नाही. म्हणजे एका चुकीच्या सुईने त्या वर्षीचे शिंगरू जाते आणि पुढच्या प्रयत्नाची वेळही निघून जाते. लग्नात घोडी नाचवून घर चालवणाऱ्याला हे नुकसान वर्षभर पुरते.

दुसरा धोका माणसांना आहे, आणि त्याची चर्चा फार थोडी होते. प्रोस्टाग्लँडिन आणि अल्ट्रेनोजेस्ट ही दोन्ही औषधे त्वचेतून शरीरात शिरतात. प्रोस्टाग्लँडिनने गरोदर बाईचा गर्भपात होऊ शकतो आणि दमेकऱ्याला झटका येऊ शकतो. अल्ट्रेनोजेस्टने बाईची पाळी बिघडू शकते. स्टड फार्मवर हातमोजे घातलेला मोतद्दार ते चंदीवर घालतो. खेड्यात घोडीपुढे चंदी कोण ठेवते? बहुतेक घरांत घरातली बाई किंवा सून. तिच्या हातात बाटली देण्यापूर्वी तिला हे कुणी सांगितले पाहिजे, आणि हातमोजेही दिले पाहिजेत. जे औषध घरातल्या बाईला अंधारात ठेवून वापरावे लागते ते त्या घरात जाऊ नये.

हार्मोनची बाटली हाताबाहेर कशी जाते याचा अनुभव आपल्याकडे आहे. ऑक्सिटोसिन हे प्रसूतीच्या वेळी जीव वाचवणारे औषध, पण पान्हा सोडवण्यासाठी गोठ्यांतून ते सर्रास टोचले जाऊ लागले. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्याचे उत्पादन एका सरकारी कंपनीपुरते मर्यादित करायचे ठरवले, तर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली, कारण बाळंतिणींना औषध मिळेनासे होण्याची भीती होती. गैरवापर आधी पसरू दिला की नंतर बंदी घालणेही धोक्याचे होते. घोडीच्या औषधांबाबत ती वेळ येऊ द्यायची नसेल तर शिस्त आत्ताच लागली पाहिजे, वापर थोडा आहे तोवर.

घोडीच्या हार्मोनांची कथा घोडीपाशी संपत नाही. वर ज्या वाट्यांचा उल्लेख आला त्या ईसीजी नावाचे हार्मोन घोडीच्या रक्तात सोडतात. कॅलिफोर्नियातल्या हॅरल्ड कोल आणि जॉर्ज हार्ट यांनी ते १९३० मध्ये शोधले. गाभण घोडीच्या रक्तातून काढलेले हे हार्मोन जगभर गायी, शेळ्या, मेंढ्यांचा माज जुळवायला वापरतात. शेळीला त्याने जुळी होऊ शकतात आणि शेळीपालकाला ती हवी असतात. स्वतः घोडीच्या अंडाशयावर मात्र त्याचा तसा परिणाम होत नाही, आणि घोडीला जुळे हे वरदान नव्हेच. तिच्या गर्भाशयात दोन शिंगरे बहुधा जगत नाहीत, म्हणून दोन गर्भ दिसले तर पशुवैद्यक पहिल्या पंधरवड्याच्या सुमारासच एक काढून टाकतो. ज्या शरीरातून औषध येते त्याच शरीराला ते लागू पडत नाही, यावरून एका जातीचे वेळापत्रक दुसरीला लावण्यातला धोका कळावा.

या औषधामागे घोड्यांचे हाल आहेत हेही जगाने पाहिले. दक्षिण अमेरिकेत आणि आइसलंडमध्ये गाभण घोड्यांचे रक्त हंगामात आठवड्याआठवड्याला काढले जाते. २०२१ मध्ये प्राणिसंघटनांनी आइसलंडमधले चित्रीकरण प्रसिद्ध केले तेव्हा तिथे मोठा गदारोळ झाला. घोडीच्या लघवीतून काढलेले इस्ट्रोजेनही माणसाच्या औषधांत गेले. १९४२ पासून अमेरिकेत ते पाळी गेलेल्या स्त्रियांना दिले जाऊ लागले, आणि तब्बल ६० वर्षांनी, २००२ मध्ये, त्यासोबत दुसरे हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांवरचा मोठा अभ्यास स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसल्याने मध्येच थांबवावा लागला. गर्भवती स्त्रीच्या लघवीतले हार्मोन घोडीला आणि गाभण घोडीच्या लघवीतले स्त्रीला, असा हा उलटसुलट प्रवास आहे. दोन्ही दिशांना प्रश्न तोच राहिला : औषध आधी पसरले, आणि ते कुणाला, किती काळ, कशासाठी हा विचार मागाहून आला.

मग हार्मोनचा खरा, निकडीचा उपयोग कुठे आहे? तो दुर्मीळ होत चाललेल्या देशी जातींत आहे. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर भागातल्या धनगरांच्या वाड्यांबरोबर चालणारे भीमथडी तट्टू मराठ्यांच्या इतिहासात एवढे गाजले, पण स्वतंत्र जात म्हणून त्याची राष्ट्रीय नोंद अगदी अलीकडे झाली. अशा जातीत चांगल्या घोडीची शिंगरे वाढवायची असतील तर भ्रूण प्रत्यारोपण हा मार्ग आहे, आणि त्यासाठी दात्या घोडीचा व सरोगेट घोडीचा माज हार्मोनने एका रेषेत आणावाच लागतो. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने बिकानेरच्या आवारात हे मारवाडी जातीत करून दाखवले. १९ मे २०२३ रोजी तिथे सरोगेट घोडीच्या पोटी ‘राज-प्रथमा’ ही मादी शिंगरू जन्मली, वजन २३ किलो. थरोब्रेडच्या नियमांनी जे मना आहे, ते देशी जातीला मोकळे आहे.

पैशांचीही वाट थोडी उघडली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांचा समावेश केला. उद्योजकाला ५० टक्के भांडवली अनुदान, कमाल ५० लाखांपर्यंत, आणि घोडा, गाढव, उंट यांच्या वीर्यकेंद्रांसाठी व पैदास प्रक्षेत्रांसाठी १० कोटी रुपयांची तरतूद त्यात आहे. हा पैसा मराठवाड्यात आला तर तो सर्वांत आधी औषधांवर जाऊ नये. परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय १९७२ पासून उभे आहे आणि जालना-परभणी रेल्वेने थेट जोडलेले आहे. तिथून महिन्यातला एक दिवस सुवाह्य सोनोग्राफी यंत्र आणि घोड्यांचा अनुभव असलेला पशुवैद्यक जालन्यात येऊ शकतो. घोडीमालकांना त्याची तारीख आधी कळली तर अंबड-परतूरहून माणसे घोड्या घेऊन येतील, कारण चुकलेल्या वर्षाची किंमत त्यांना माहीत आहे.

माळेगावच्या यात्रेत तर मराठवाड्यातले घोडेवाले आपणहून एका मैदानात जमतात. तिथे पहिले दोन दिवस तपासणीचा एक तंबू पडावा. प्रत्येक घोडीचे कार्ड निघावे आणि त्यावर शेवटच्या विण्याची तारीख, अंगावरच्या मांसाची श्रेणी, गर्भाशयाची स्थिती आणि आजवर टोचलेल्या प्रत्येक इंजेक्शनचे नाव लिहिले जावे. ज्या घोडीची श्रेणी पाचाच्या खाली आहे तिच्या कार्डावर हार्मोनच्या रकान्यात तीन महिन्यांची फुली मारून खुराकाचे प्रमाण लिहून द्यावे. आणि अल्ट्रेनोजेस्ट किंवा प्रोस्टाग्लँडिन लिहून देणाऱ्याने त्याच कार्डाच्या मागे, घरात ते कोण हाताळणार आहे त्या व्यक्तीला धोका समजावून सांगितल्याची सही घ्यावी.